दोन बोटं

बंकटनं तीन बोटं वर केली होती. पुढं दिवसभर तो स्वतःला हेच बजावत राहिला, की तीनच होती, अंगठ्यानं करंगळी दाबून धरलेली आणि उरलेली तीन सरळ वर. गेवराईच्या स्टँडसमोर, दुष्काळी मदतीची सुकडी घ्यायला आलेल्या बायकांच्या गर्दीत, दहाच्या उन्हात. कारण म्हणाल तर काहीच नव्हतं. टपरीवाल्यानं आठवड्यात पहिल्यांदा दुधाचा चहा दिला होता, आणि एवढ्याशा सुखानं माणूस जरा सैल होतो तसा तो झाला होता. समोरून तलवाड्याची सरूबाई आली, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, डोळ्यांवर शिबिरातला जाड भिंगांचा चष्मा, एका काडीच्या जागी सुतळी. ओळखीचं माणूस दिसलं की आपण थट्टा करतो, त्यानं तेवढीच केली. हात तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, "काय मावशी, किती?" आणि सरूबाई चालता चालता, हसून, मान पुरती न वळवताच म्हणाली, "दोन."

आधी त्याला हसू आलं. म्हातारीनं थट्टेला थट्टा केली असं वाटलं. मग त्यानं नीट पाहिलं. तिचा चेहरा टपरीच्या फळीकडे होता आणि कान त्याच्याकडे. सून मालनबाई लगबगीनं सांगू लागली, की सासूबाईला लई चांगलं दिसतं, फक्त ऊन सोसत नाही, म्हणून खांदा धरून चालतात. ती खोटं बोलत नव्हती बिचारी, तिला घरात जे सांगितलं होतं ते ती सांगत होती. सरूबाईनं त्याचा हात शोधला. आधी हवेत, मग कोपरापाशी, मग कोपरावरून घसरत तळव्यापर्यंत. वर केलेला हात खाली घ्यायचं तो विसरूनच गेला होता. "लई उपकार झाले, डाक्टर," ती म्हणाली, आणि दोघी सुकडीच्या रांगेत गेल्या. बंकटनं हात खिशात घातला. चोरी करताना धरलेला हात असतो ना, तसा तो त्याला वाटायला लागला.

बंकट डॉक्टर नव्हता. कंपाउंडरसुद्धा नव्हता. तो आबासाहेबांच्या सहकारी जिनिंग सोसायटीचा गोदामपाल होता, आणि सलग तिसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवल्यामुळं त्याच्या गोदामात राखायला कापसाचं एक बोंडही उरलं नव्हतं. ऐन हंगामात जिथं पाय ठेवायला जागा नसायची तिथं आता चिमण्या होत्या आणि सरकीचा शिळा वास होता. तो सकाळी कुलूप काढायचा, संध्याकाळी लावायचा, मधल्या वेळात काय करायचा ते देवाला ठाऊक. आबासाहेबांना रिकामं गोदाम बघवेना. रिकाम्या गोदामाचा चेअरमनही रिकामाच, असं ते स्वतःच म्हणत. मग त्यांनी शहरातला एक डोळ्यांचा डॉक्टर गाठला आणि होळीच्या आधी तिथं मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. बंकटनं तरुणपणी दोन वर्षं मिशनच्या दवाखान्यात ड्रेसिंगचं काम केलं होतं, पट्टी बांधायची कला हातात होती, म्हणून शिबिर त्याच्या गळ्यात पडलं. एकसष्ट माणसं. फरशीवर ओळीनं सतरंज्या, दोन्ही डोळे बांधलेले, मान हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. डॉक्टर तिसऱ्या दिवशी शहरात परतला. जाताना सांगून गेला, की आठव्या दिवशी पट्ट्या सोड, बोटं मोजायला लाव, आणि ज्याला मोजता येणार नाहीत त्याला घरी सोडू नको, बाजूला ठेव, मंगळवारी येऊन मी बघतो. आठव्या दिवशी बाजूला ठेवायला एकही माणूस निघाला नाही. मंगळवारी आबासाहेबांनीच डॉक्टरला निरोप धाडला, की येण्याची तसदी नको, सगळं उत्तम आहे. सोसायटीच्या अहवालात ठळक छापून आलं, एकसष्टपैकी एकसष्ट.

गोदामाच्या दाराला पाठ लावून तो खाली बसला आणि तो आठवा दिवस त्यानं पुन्हा उकलायला घेतला. पत्र्याची पडवी. भिंतीला टेकून बसलेली एकसष्ट डोकी. त्याच्या डाव्या हातात ओल्या कापसाची वाटी. उजव्या हातानं पट्टी सोडायची, डोळा पुसायचा, आणि तोच हात वर करायचा. दोन बोटं. दोनच का? कारण दोन बोटं आपली आपण उठतात. तीनसाठी अंगठ्याला कामाला लावावं लागतं, चारसाठी मन. ओळीत पहिले होते रामहरी गुरुजी, उमापूरचे पेन्शनीत निघालेले मास्तर. त्यांना खरोखर दिसलं, आणि वर्गात हजेरी द्यावी तसे ते ओरडले, दोन. ते सगळ्या पडवीनं ऐकलं. दुसरा म्हणाला दोन. तिसरा म्हणाला दोन. चौथी बाई लाजून म्हणाली दोन. डोळे बांधून आठवडाभर पडलेल्या माणसाचे कान तीक्ष्ण होतात, आणि काय बोललं म्हणजे सुटका होते हे ते आधी टिपतात. बाहेर प्रत्येकाचं कुणी ना कुणी ताटकळत उभं होतं, खडी फोडायच्या दुष्काळी कामावरची हजेरी बुडवून. बंकट विचारत होता की नुसता पुढं सरकत होता, हेही त्याला आता सांगता येईना. एक मात्र पक्कं आठवत होतं आणि तेच जास्त झोंबत होतं: त्याला आनंद झाला होता. दर 'दोन'ला त्याच्या छातीत काहीतरी उजळत गेलं होतं. बापानं जन्मभर तोंडानं सांगितलं ते आपल्या हातानं होतंय असं त्या मूर्खाला वाटलं होतं. पट्ट्यांचा ढीग उचलताना तो चक्क गुणगुणत होता.

बाप म्हणजे धोंडीराम मास्तर. मास्तर कसले, चौथी झालेले. पण मिशननं त्यांना सुवार्तिक केलं आणि लोकांनी मास्तर. आठवडी बाजाराला पायी जायचं, लिंबाखाली पोतं अंथरायचं आणि शुभवर्तमानातल्या गोष्टी सांगायच्या, हे त्यांचं काम. उमापूरच्या बाजारात लोक त्यांच्याभोवती बसत ते सावलीसाठी, हे लहान्या बंकटला कळायचं आणि बापाला कळत नाही याची लाज वाटायची. त्यांची हातखंडा गोष्ट एका आंधळ्याची होती. लोकांनी त्याला प्रभूपुढं आणलं. प्रभूनं त्याचा हात धरला आणि त्याला गर्दीतून काढून गावाबाहेर नेलं. डोळ्यांना थुंकी लावली, वर हात ठेवला आणि विचारलं, काय दिसतं का? तर तो म्हणाला, माणसं दिसतात पण झाडांसारखी दिसतात, झाडं चालल्यासारखी. इथं बाजार हसायचा. मग प्रभूनं पुन्हा हात ठेवला आणि त्याला लख्ख दिसायला लागलं. गोष्ट संपली की धोंडीराम मास्तर छातीवर बोट ठेवून म्हणायचे, की बाबांनो, डोळा म्हणजे हा कपाळाखालचा डोळा नव्हे, हा आतला. कपाळाखालचे चांगले असलेले कितीक आतून आंधळे असतात. लोक मान हलवायचे आणि मिरच्यांचा भाव विचारायला उठायचे. बंकटच्या मनात मात्र एकच काटा सलायचा. दोनदा का? देवाचा हात, आणि तो पहिल्यांदा अर्धाच लागू पडला? त्यानं एकदा परतीच्या वाटेवर विचारलं. बाप काठी टेकत चालत राहिला, आणि घर जवळ आल्यावर म्हणाला, "लिवलंय तसं सांगतो मी. कावून ते मला कुटं ठावं हाय?"

त्या प्रश्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती. सरकीच्या वासात बसल्या बसल्या बंकटला आज भलतंच काहीतरी सुचलं आणि तो ताठ झाला. देवाचा हात राहू द्या बाजूला. त्या आंधळ्याचं काय? एवढा मोठा माणूस, आपला हात धरून उन्हातून गावाबाहेर आला, त्यानं स्वतःची थुंकी आपल्या डोळ्याला लावली, आणि आता तोंडाकडे बघत विचारतोय. अशा वेळी तलवाड्याचा माणूस काय म्हणाला असता? गेवराईचा? दिसतं प्रभू, लई झ्याक दिसतं, हेच म्हणाला असता. पायाला हात लावून घरी गेला असता आणि मरेपर्यंत झाडांना रामराम घालत फिरला असता. दुसऱ्यांदा हात मिळाला तो त्यानं अर्धवट दिसतं म्हणून सांगितलं तेव्हा. सगळा चमत्कार एका उद्धट माणसाच्या जिभेवर लोंबकळत होता. आणि दुसरीकडे कुठंतरी, बापानं लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेल्या पानावर, होतं की आम्हाला दिसतं म्हणणाऱ्यांचंच पाप त्यांच्या अंगाला चिकटून राहतं. ते मोठ्या शास्त्री-पंडितांसाठी आहे असं बंकट समजत आला होता. गोदामपालाचा त्यात काही संबंध असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

तो उठला आणि आबासाहेबांकडे गेला. आबासाहेब वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि त्या दिवसांत पाणी देणं म्हणजे काही थोडं नव्हतं. सगळं ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, एकीचा डोळा गेला, वाईट झालं, पण साठजणांचे आले हे का विसरतोस? बंकट म्हणाला, की साठांचं तरी आपल्याला कुठं माहीत आहे, सगळे एकच आकडा बोलले. आबासाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. दहा दिवसांनी दुसरं शिबिर होतं, जिल्ह्याचे मोठे साहेब हार घेऊन येणार होते, मांडवाला लोक लागले होते. शेवटी ते म्हणाले, असं कर, म्हातारीला ह्या शिबिरात घे, दुसऱ्या डोळ्याचं करू, भरपाई होऊन जाईल. बंकटनं मान खाली घालूनच एक मागणी घातली: पट्ट्या सोडायच्या दिवशी डॉक्टर समोर हवा. आबासाहेब हो म्हणाले. इतक्या सहज हो म्हणाले, की त्याला आणखी काही मागायला हवं होतं असं बाहेर आल्यावर वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो तलवाड्याला गेला. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढं पायवाट. समोरून माणसं येत होती, पण माणसं दिसतच नव्हती. छावणीतल्या जनावरांसाठी लिंबाच्या, बाभळीच्या फांद्या तोडून डोक्यावर घेतलेल्या, अंग पुरतं झाकलेलं, खाली फक्त पावलं. एकामागं एक आठ-दहा झाडं धुळीतून चालत आली आणि त्याच्या बाजूनं निघून गेली. त्यातलं एक झाड खोकलं. बंकट वाटेच्या कडेला थांबून बघत राहिला. त्याचे दोन्ही डोळे शाबूत होते, चष्मासुद्धा नव्हता, आणि आयुष्यात आपण याच्यापलीकडं कधी काही पाहिलं का, असं त्याच्या मनात आलं.  मग घाम पुसून तो गावात शिरला.

पाण्याच्या टँकरची वाट बघत पारावर म्हातारी माणसं बसली होती, आणि मधोमध रामहरी गुरुजी. उमापूरहून लेकीकडे आले होते आणि रिकामपणी गुरुजीपण चालू होतं. नव्या शिबिरात नाव घातलेल्यांना ते समजावत होते, की भिऊ नका, कापताना दुखत नाही, मान तेवढी हलवू नका, आणि आठव्या दिवशी किती म्हणून विचारलं की दोन म्हणायचं. दोन म्हटलं की लगेच सोडतात. म्हातारे ते घोकत होते. एक बाई सुनेला सांगत होती, विसरले तर आठवण कर गं. बंकटला बघून सगळ्यांनी हात जोडले. त्याला ओरडावंसं वाटलं, या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण गुरुजींचा चेहरा इतका मायाळू होता, त्यांना खरंच दिसत होतं आणि सगळ्यांना दिसावं असंच त्यांना वाटत होतं. तो तसाच सरूबाईच्या घराकडे वळला.

ती दारात बसून निवडत होती. सूपभर मिलो, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, त्यातले खडे ती बोटांनी वेचत होती आणि चष्मा शेजारी जमिनीवर पडला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं, मालनबाई खडीवर गेली होती. बंकट समोर उकिडवा बसला. आपण दवाखान्यातून आलो नाही, कागदावर काही लिहायचं नाही, कुणाला कळणार नाही, असं सगळं आधी सांगून झाल्यावर त्यानं विचारलं की मावशी, खरं सांगा, दिसतं का? सरूबाईचे हात थांबले.

"न्हाई बाबा. पैल्या दिसापासून न्हाई. पट्टी असतानाच लई ठणकायचं, तवाच मला कळलं व्हतं."

मग दोन का म्हणालात, असं त्यानं विचारलं. तिनं सूप बाजूला सरकवलं. सुनेचे आठ दिवस आपल्यापायी बुडाले होते, तिला आणखी किती अडकवायचं, हे एक, असं ती म्हणाली. पण ते खरं कारण नव्हे. 

"तुमी सकाळधरनं उभं व्हते. माझ्यापाशी आले आन् इचारलं किती. तुमच्या आवाजात लई आशा व्हती बघा. न्हाई म्हनवलं न्हाई मला."

बंकट तिथून उठला तेव्हा त्याला बाप आठवत नव्हता. बाप त्याच्या आतच बसलेला होता. धोंडीराम मास्तरांचेही शेवटी दोन्ही डोळे गेले होते. मोतीबिंदूच, पण ते कापू देईनात. आतला उजेड असला म्हणजे झालं म्हणायचे. त्यांचा तो शेवटचा पावसाळा, दुपारची वेळ, अंगाला दरदरून घाम. मुलाचा हात धरून ते अचानक म्हणाले, "बंकट, तुला दिसतं का रे?" काय दिसतं हे विचारायची गरज नव्हती. तो बारा वर्षांचा असताना पाद्रीसाहेबांनी पोरांना ओळीनं उभं करून दृढीकरण केलं होतं, प्रत्येकाला विचारलं होतं की तुझा विश्वास आहे काय. पहिला म्हणाला होय आहे, दुसरा म्हणाला होय आहे, आणि चौथ्या नंबरावरचा बंकट म्हणाला होय आहे, आणि तेव्हापासून ते कधी आत उजळतंय याची तो गुपचूप वाट बघत होता. बापाच्या सुकलेल्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "दिसतं आप्पा." म्हाताऱ्यानं सुटकेचा श्वास सोडला. मग इतक्या हळू म्हणाले, की ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, "मला न्हाई दिसलं कवाच. चाळीस वर्सं सांगत फिरलो. तुला दिसतंय न्हवं, मंग झालं." आणि ते समाधानानं गेले. म्हणजे बाप लेकाच्या शब्दावर गेला आणि लेक बापाच्या शब्दावर जगत होता. त्याच्याही मागं आजा होता, ज्यानं जुन्या एका दुष्काळात मिशनच्या धान्याच्या रांगेत उभं राहून पाद्रीला होय म्हटलं होतं, पुढच्यानं म्हटलं म्हणून. बंकट फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा राहिला आणि ही ओळ कुठल्या माणसापासून सुरू झाली असेल, त्याला तरी दिसलं होतं का, याचा विचार करत राहिला. त्याला रडू येत नव्हतं. सगळं कोरडं पडलं होतं.

तरी एक गोष्ट त्याला करून बघायची होती. सगळं पहिल्या माणसावर असतं, एवढं त्याला कळलं होतं. रामहरी गुरुजींचं 'दोन' जसं भिंतीच्या कडेनं सरकत गेलं, तसं पहिलंच माणूस खरं बोललं तर तेही सरकत जाईल. म्हणून दुसऱ्या शिबिरात त्यानं सरूबाईला पहिल्या सतरंजीवर घेतलं. आठ दिवस रोज सकाळी तिच्या कानाशी बसून सांगितलं, की दिसलं तर दिसलं म्हणा, अंधुक दिसलं तर अंधुक, नाही तर नाही. त्या दिवशी डॉक्टर समोरच असेल, तुम्ही खरं बोललात तर तो पुन्हा हात लावील. शेवटच्या वाक्याला दर वेळी त्याच्या अंगावर काटा यायचा. सरूबाई बरं म्हणायची. ह्या खेपेला ठणकत न्हाई, असंही ती म्हणाली, आणि बंकटनं इतक्या वर्षांत पहिल्यांदा, कुलूप लावताना, मनातल्या मनात काहीतरी मागितलं. कुणाकडे मागितलं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

आठवा दिवस उजाडला. पडवीत चव्वेचाळीस जण भिंतीला टेकून, डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. एका टोकाला आबासाहेब आणि जिल्ह्याचे साहेब, ताटात हार, मांडवात सुना-लेकी. डॉक्टर खुर्चीवर घड्याळ बघत. बंकटनं वाटी खाली ठेवली, आज त्याला दोन्ही हात मोकळे हवे होते. सरूबाईची पट्टी सोडली, डोळा पुसला, आणि चार बोटं वर केली. नीट, एकेक करून, मन लावून. विचारलं, मावशी, किती? ती काहीच बोलली नाही. आजवर या पडवीत कुणी एवढा वेळ गप्प राहिलं नव्हतं. मग ती पुढं वाकली आणि फक्त त्याला ऐकू येईल असं म्हणाली, "किती म्हनू, बाबा?"

जे दिसतं तेच म्हणा, असं त्यानं सांगितलं. मंग काईच न्हाई, ती म्हणाली. त्यानं डॉक्टरला खूण केली. डॉक्टर आला, बॅटरी लावून बराच वेळ डोळ्यात बघत राहिला, पापणी वर केली, पुन्हा बघितलं. मग बंकटला बाजूला घेऊन सांगितलं, की टाके उत्तम आहेत, ऑपरेशनमध्ये काही चुकलेलं नाही, पण या डोळ्याच्या मागची नसच वाळलेली आहे, कित्येक वर्षांपूर्वीच. मोतीबिंदूआड ते कळलं नाही. आणि दुसरा डोळा, जो आधी केला, तो वेळेवर दाखवला असता तर कदाचित वाचला असता. कदाचित म्हटलं त्यानं, आणि हात धुवायला गेला. म्हणजे दुसऱ्यांदाही हात लागला होता, आणि तरीही काही दिसलं नव्हतं. बंकट तिथंच उभा राहिला, चार बोटं तशीच वर.

पलीकडून आबासाहेबांचा मोठा, प्रेमळ आवाज आला, "काय मावशी, दिसतंय ना?"

सरूबाईनं तोंड बंकटकडे वळवलं. तिचे ओठ दिसतं म्हणायच्या तयारीत होते, त्याला ते दिसलं, आणि ती ते कुणासाठी म्हणणार होती हेही दिसलं. "न्हाई," बंकट म्हणाला. आवाज मोठा निघाला, पत्र्यावर आपटला. "त्यांला दिसत न्हाई. ह्या डोळ्यानं न्हाई आन् त्या डोळ्यानंबी न्हाई. मागच्या खेपेला मी सगळ्यांला दोनच बोटं दाखवली."  आयुष्यात पहिल्यांदा तो ओळीत पहिला होता. त्रेचाळीस बांधलेले चेहरे आवाजाच्या दिशेनं वळले आणि तो वाट बघत राहिला, की आता कुणीतरी विचारील, कुणीतरी घाबरेल, कुणीतरी म्हणेल की मलाही ठणकतंय बाबा. गोदामात चिमण्या भांडत होत्या.

सरूबाईच्या शेजारी उमापूरचा एक म्हातारा होता. त्याच्या पट्टीला अजून कुणी हातही लावला नव्हता. आपली पाळी आली, आपलंच अडलंय असं त्याला वाटलं असावं. त्यानं पाठ ताठ केली आणि घाईनं म्हणाला, "दोन." त्याच्या पलीकडची बाई म्हणाली, "दोन." मग तिच्या पलीकडचा. पट्ट्या डोळ्यांवर, हात मांडीवर, आणि एकामागून एक, कुणी मोठ्यानं, कुणी पुटपुटत, दोन, दोन, दोन, भिंतीच्या कडेनं ते सरकत चाललं. बंकटला ते थांबवता येईना. त्याचा हात खाली यायला लागला तेव्हा तो कुणीतरी धरला. सरूबाईनं मनगट चाचपलं, तळवा चाचपला, मग मिलो निवडणाऱ्या त्या बोटांनी त्याचं एकेक बोट धरून बघितलं, करंगळीपासून सुरू करून, सावकाश.

"चार हायेत," ती म्हणाली.

ते फक्त त्यालाच ऐकू आलं. तोवर दोन पडवीच्या पार त्या टोकाला पोचलं होतं आणि जिल्ह्याचे साहेब हार घेऊन उठले होते.